छत्तीस धागे

शस्त्रक्रियेनंतरच्या अकराव्या दिवशी हर्षदा डुबलच्या छातीत काहीतरी बिनसलं, आणि ही बातमी तिच्याआधी तिच्या नवऱ्याला कळली.

संग्राम डुबल पाटणच्या एका शाळेत कवायतीचा शिक्षक होता. सकाळी साडेनऊला मैदानावर चाळीस मुलींची लेझीम चालली होती. खिशातला फोन तीनदा थरथरला. त्याने तो काढून पाहिला, गळ्यातली शिट्टी शेजारी उभ्या असलेल्या शिंदेबाईंच्या हातात दिली आणि एक शब्द न बोलता गाडीकडे पळत सुटला.

हर्षदा घरी दहीपोहे खात बसली होती. डाव्या काखेखाली उशी, अंगात संग्रामचाच एक ढगळ सदरा. दारात धापा टाकणारा नवरा बघून तिला वाटलं, शाळेत काही झालं.

"ऊठ. कराडला जायचंय."

"का?"

"खालची बाजू लाल झालीय. पाच धागे."

तिने मान खाली घालून पाहिलं. सदरा स्वच्छ होता. दुखत नव्हतं, ताप नव्हता, पोह्यांना चव होती. स्वतःच्याच शरीराबद्दल नवऱ्याच्या तोंडून ऐकायची ही पहिलीच वेळ. तिने पोह्यांची ताटली खाली ठेवली.

त्या सुमाराला स्तन पुन्हा घडवण्याची ही नवी पद्धत कराड-मिरजेकडच्या इस्पितळांतही रुळायला लागली होती. हर्षदाच्या डाव्या स्तनात कर्करोगाची गाठ निघाली. ती काढायची तर आतला सगळा भाग काढावा लागणार होता. वरची कातडी मात्र राखता येणार होती. पूर्वी अशा वेळी आत सिलिकॉनची पिशवी बसवत. आता बसवत होते जाळी. वाळलेलं घोसाळं फोडलं की आत जशी जाळी दिसते तशीच, पण कितीतरी बारीक. उजव्या बाजूच्या मापाने यंत्रावर छापलेली आणि दीड वर्षात आपोआप विरघळणारी. तिच्यात भरायची ती त्याच बाईच्या पोटावरची चरबी आणि त्या चरबीतल्या मूळपेशी. म्हणजे परकं काही नाहीच. जाळी विरघळून जाईल आणि तिने दिलेल्या आकारात शरीराचं शरीरच उरेल.

यातली खरी अडचण रक्ताची. शरीरातली जिवंत पेशी रक्तवाहिनीपासून दोन-तीन केसांच्या जाडीइतकी जरी लांब पडली, तरी ती उपाशी मरते. म्हणून बरगडीलगतची एक वाहिनी वळवून जाळीच्या मधोमध ओवत. उसाच्या रानात मुख्य पाटाला सऱ्या फोडाव्यात तसे त्या वाहिनीला फुटवे येत, फुटव्यांना आणखी फुटवे. पण हे व्हायला महिना लागतो, आणि तेवढ्या दिवसांत कुठली सरी कोरडी पडतेय हे बाहेरून कळत नाही. त्यासाठी जाळीत छत्तीस धागे विणलेले असत. रेशमातल्या प्रथिनाचे, कोळिष्टकाएवढे बारीक. प्रत्येक धागा आपल्या भोवतालची ऊब, प्राणवायू आणि रक्ताचा ओघ मोजायचा आणि दर मिनिटाला कळवायचा. कळवायचा तिघांना: इस्पितळाला, बाईला आणि घरातल्या एका माणसाला. फोनवर छत्तीस ठिपक्यांचं वर्तुळ दिसे. हिरवा ठिपका म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, लाल म्हणजे या.

हर्षदाने आपल्या फोनचा आवाज बंद करून ठेवला होता. संग्रामने नव्हता केला.

कराडला डॉक्टर नसीम मुल्लांनी तिला तपासायला पाऊण तास घेतला. याच बाईंनी तिची शस्त्रक्रिया केली होती. बोलणं मोजकं, पण समोरच्याला कळेपर्यंत सांगायची सवय. शेवटी त्या स्टूल ओढून समोर बसल्या.

"खालच्या बाहेरच्या कोपऱ्यात लिंबाएवढ्या भागाला रक्त पोचत नाहीये. बाकीचं उत्तम आहे. हा भाग कदाचित स्वतःच सावरेल, कदाचित मरेल. मेला तर तेवढाच काढावा लागेल. आणि त्यात संसर्ग शिरला, तर मग पूर्ण जाळी काढावी लागेल."

"आणि रोग?" हर्षदाने विचारलं. अकरा दिवस तिने तो प्रश्न दाताखाली धरून ठेवला होता.

"त्याचा याच्याशी संबंध नाही. गाठ पूर्ण काढलीय, तिच्या कडेच्या भागात रोग नाही. ही अडचण रोगाची नाही, बांधकामाची आहे."

"धाग्यांचं मशीन काय म्हणतंय?" संग्रामने विचारलं. तालमीत वाढलेला हा सहा फुटी माणूस खोलीत शिरल्यापासून भिंतीला टेकून उभा होता.

"असे शंभर आलेख असतील, तर त्रेसष्टांमध्ये तेवढा भाग टिकत नाही."

"मग आजच काढा ना सगळं. कशाला वाट बघायची?"

"मी अजून आहे इथे," हर्षदा म्हणाली.

डॉक्टर तिच्याकडे वळल्या. "आज उघडलं तर धोका कमी, पण टिकेल असा भागही जाईल. आठवडाभर थांबलं तर टिकण्याला संधी. फक्त ताप शंभरावर गेला, लाली पसरली, टाक्यांतून पाणी आलं, तर घड्याळ बघायचं नाही, निघायचं. दोन्ही रस्ते सुरक्षित आहेत. यातला कुठला घ्यायचा हे मी नाही सांगणार."

हर्षदाने सदऱ्याची गुंडी लावली. मग म्हणाली, "थांबते."



पुढचे चार दिवस त्या घरात माणसं कमी आणि आकडे जास्त राहत होते. संग्रामने रजा टाकली. चहाचा कप पुढे करताना तो म्हणे, "एकोणतीस नंबर जरा वर आलाय." ती केस विंचरायला हात उचले, तर आतल्या खोलीतून आवाज येई, "हळू! बत्तीस पडला." हर्षदानेही आवाज चालू केला होता. सकाळी डोळे उघडायच्या आधी हात फोनकडे जाई. जेवताना एक घास, एक नजर. ठिपका पिवळा झाला की छातीत धडधडे. धडधडलं की रक्ताचा ओघ बदले. ओघ बदलला की ठिपका आणखी हले. आपण घाबरतोय म्हणून तो हलतोय की तो हलतोय म्हणून आपण घाबरतोय, हेसुद्धा तिला उमगेनासं झालं. काखेत जरा ओढ बसली तरी तिला वाटे, परत आला. पाठीत चमक आली, परत आला. आरशावर तिने टॉवेल टाकला होता.

आणि एक गोष्ट तिला फार लागत होती. संग्राम तिच्याकडे बघतच नव्हता. तो तिच्या छातीची खबर ठेवत होता. ती समोर बसलेली असताना त्याची नजर फोनवरच्या त्या वर्तुळात असे. कॉलेजात एका बाकावर बसून पदार्थविज्ञान शिकलेली, सतरा वर्षं संसार केलेली ही दोन माणसं, आणि तिला वाटायला लागलं, हा एका ठिपक्यांच्या थाळीशी संसार करतोय.

पाचव्या दिवशी दुपारी ती अंगणातल्या दोरीवर पंचा वाळत घालत होती. उजव्याच हाताने, अगदी सावकाश. आतून तो ओरडला, "ठेव ते! चौतीस बघ कुठे गेला!"

तिने पंचा खाली टाकला आणि आत आली.

"संग्राम, मी कशी आहे हे तू पाच दिवसांत एकदा तरी मला विचारलंस? फोनला विचारतोस ते. मला विचार ना."

"तुला कळत नाही म्हणून..."

"मला काय कळत नाही? माझंच अंग आहे!"

"तुला कळलं नव्हतं!" त्याचा आवाज चढला आणि तिथेच फुटला. "पोहे खात होतीस तू. तुझ्यात काहीतरी मरत होतं आणि तू पोहे खात होतीस. मी चाळीस पोरींसमोर उभा होतो, हर्षू. पुन्हा असं अचानक नको म्हणून मी..." तो थांबला.

"म्हणून काय?"

"माझ्या फोनच्या इशाऱ्याचा आकडा मी वर चढवून ठेवलाय. डॉक्टरांच्या आकड्याच्याही आधी वाजतो."

म्हणजे चार दिवस या घरात वाजलेल्या निम्म्या घंटा खोट्या होत्या. हर्षदाला संताप यायला हवा होता. आला नाही. खाटेवर मान खाली घालून बसलेल्या त्या मोठ्या देहाकडे बघताना तिला पहिल्यांदाच कळलं की शस्त्रक्रिया एकीची झाली, पण टाके दोघांना पडलेत.

ती त्याच्या शेजारी बसली.

"आमच्या केंद्रावर काय नियम आहे, ठाऊक आहे तुला?"

हर्षदा कोयना खोऱ्यातल्या एका भूकंपमापन केंद्रावर चौदा वर्षं नोकरी करत होती. जमिनीचं हलणं मोजणं हेच तिचं काम. या खोऱ्यात माणसाला कळणारही नाहीत असे धक्के सारखे होत असतात. पडद्यावर मात्र प्रत्येकाची रेघ उमटते.

"नवीन माणूस आलं की पहिले आठ दिवस ते पडद्यासमोरून हलत नाही," ती म्हणाली. "प्रत्येक रेघेला त्याला वाटतं, आला मोठा. जेवत नाही, झोपत नाही. मग आमचे साहेब त्याला खोलीबाहेर काढतात. सकाळी दहाला आणि संध्याकाळी पाचला बघायचं, बस. मधे खरंच काही झालं तर घंटा वाजते. यंत्र जागतं ते माणसाला झोपता यावं म्हणून. आपण दोघं उलटंच करून बसलोय."

संग्रामने मान वर केली. मग त्याने फोन तिच्या हातात दिला. तिने इशाऱ्याचा आकडा डॉक्टरांनी ठेवला होता तिथे परत नेला. दोन्ही फोन पिठाच्या रिकाम्या डब्यात गेले. घंटा वाजली तर डब्यातूनही ऐकू आली असती. तासातासाला बघणं मात्र बंद. इस्पितळात बघणारे होतेच. घरात फक्त थर्मामीटर बाहेर राहिला.

"आता सांग," संग्राम म्हणाला, "कशी आहेस?"

"घाबरलेय," ती म्हणाली. मग जरा थांबून, "आणि भूक लागलीय."

त्याने भाकरी थापली. चांगली जाड झाली होती. दोघांनी खाल्ली.

घंटा वाजली ती सतराव्या दिवशी, आणि त्या वेळी हर्षदाला आधीच ठाऊक होतं. सकाळपासून अंगात कसर होती, थर्मामीटर शंभराच्या वर गेला होता आणि खालच्या टाक्याभोवती तळहाताएवढी लाली दिसत होती. संग्राम गाडीची किल्ली घेऊन उभाच होता. डबा उघडायला दोघांपैकी कुणी थांबलं नाही.

इस्पितळात त्यांना वॉर्डात घेतलं ते पुष्पा सिस्टरांनी. पन्नाशीच्या, ढेबेवाडीकडच्या, मोठ्या तोंडाच्या आणि हलक्या हाताच्या. सलाइन लावता लावता हर्षदाने विचारलं, "सिस्टर, सगळंच काढावं लागलं तर?"

"तर काढतील की." सिस्टरांनी पट्टी चिकटवली. मग आपल्या युनिफॉर्मच्या डाव्या बाजूवर हात सपाट ठेवला. तिथे काहीच नव्हतं. "बारा वर्षं झाली माझं काढून. पुन्हा बसवलं नाही. मला नको वाटलं. तुला हवं वाटलं. दोन्ही बरोबर. ऱ्हायलं तर चांगलंच हाय, बाय. नाय ऱ्हायलं तरी तू ऱ्हाशील. एवढं ध्यानात ठेव आणि झोप बघू."

हर्षदाने हे वाक्य घट्ट धरलं आणि ती भुलीत गेली.

लिंबाएवढा तो भाग मेला होता. डॉक्टर मुल्लांनी तो काढला, साठलेलं पाणी काढलं, आतली जागा धुतली. संसर्ग त्या कोपऱ्यापलीकडे गेला नव्हता. छत्तिसांतले एकतीस धागे उरले. शुद्धीवर आल्यावर हर्षदाने आधी हात छातीकडे नेला. बाहेरच्या बाजूला पट्टीखाली खळगा लागला. त्याच्या वर मात्र आकार शाबूत होता. तिला रडू आलं, आणि ते कशाचं हे तिला सांगता आलं नसतं.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर एक छोटं यंत्र घेऊन आल्या. "खळग्याकडे खूप बघून झालं असेल तुमचं. आता बाकीचं बघा."

ध्वनिलहरींवर चालणारं ते यंत्र नवं होतं. कातडीवर टेकवलं की आतल्या अगदी सूक्ष्म रक्तवाहिन्याही जिवंत दिसत. त्यांतून पळणाऱ्या रक्तपेशींचे प्रतिध्वनी टिपून ते चित्र उभं करी. डॉक्टरांनी खोलीत अंधार केला, गार जेल लावलं आणि पडदा दोघांकडे वळवला.

आधी नुसता काळोख दिसला. मग मधोमध एक जाड लाल खोड उमटलं. ती वळवलेली वाहिनी. तिच्यातून फांद्या निघालेल्या, फांद्यांतून डहाळ्या, डहाळ्यांतून बारीक, आणखी बारीक, शेवटी नजरेला धुकंच वाटावं इतक्या. आणि ते सगळं हलत होतं. दर ठोक्याला खोडात उजेड भरे, फांद्यांत पसरे, टोकाच्या धुक्यापर्यंत झुळकीसारखा पोचे आणि परत फिरे. पुन्हा ठोका. पुन्हा उजेड.

"तीन आठवड्यांपूर्वी इथे काय होतं?" हर्षदाने हळूच विचारलं.

"काही नाही. छापलेली जाळी होती."

"हे तुम्ही केलंत?"

"छे. मी एक वाहिनी वळवली. बाकी सगळं तुमच्या शरीराचं काम." डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवलं. "हे बघा, खळग्याची कड. इथे भाग मेला. आणि त्याच कडेला सगळ्यात दाट फुटवे आहेत. उपाशी पेशी हाका मारतात, वाहिन्या त्या हाकेच्या दिशेने वाढतात. एवढं आम्हाला माहीत आहे. पण यांना वाट कशी सापडते, कुठे थांबायचं ते कसं कळतं, हे बघताना वीस वर्षांनीही माझ्या अंगावर काटा येतो."

हर्षदा बघत राहिली. ज्या दिवसांत ती टॉवेल टाकलेल्या आरशासमोरून मान वळवून जात होती, एकेका ठिपक्याला घाबरत होती, त्याच दिवसांत, तिला काही न विचारता, तिच्या आत हे रान उगवत होतं. तिच्याच शरीराने तिला दगा दिला असं ती गाठ निघाल्यापासून म्हणत आली होती. आणि तेच शरीर इकडे कुणी न सांगता बिनबोभाट कामाला लागलं होतं. शेजारी संग्राम श्वास रोखून उभा होता. त्याच्या तोंडून एवढंच आलं, "आईशपथ." मग या माणसाने, ज्याने तीन आठवडे तिला हात लावायचं धाडस केलं नव्हतं, तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. पडद्यावरच्या ठोक्यांचा वेग जरासा वाढला. तिघांनाही दिसला. डॉक्टर गालात हसल्या आणि त्यांनी नजर दुसरीकडे नेली.

"स्पर्श?" डॉक्टर निघाल्या तेव्हा हर्षदाने विचारलं. "तिथली कातडी बधिर आहे. नख लावलं तरी कळत नाही."

"मज्जातंतूचं एक टोक आम्ही आत जोडलंय. तो दिवसाला फार तर एक मिलिमीटर सरकतो. पोचेल, किंवा नाही पोचणार. त्याच्यासाठी मात्र अजून कुणी धागा शोधलेला नाही. त्याची वर्दी तुम्हालाच मिळेल."

फेब्रुवारीत ती कामावर रुजू झाली. खळगा राहिला. पुढे भरून घेता येईल असं डॉक्टरांनी सांगितलं. तिने सध्या नको म्हटलं. भीती एका दिवसात गेली नाही. तपासणीच्या आदल्या आठवड्यात तिला अजूनही जेवण जात नसे, पण आता ती तसं सांगायची आणि संग्राम ऐकून घ्यायचा. एप्रिलपासून धागे ठरल्याप्रमाणे विरायला लागले. एकेक ठिपका पांढरा होत गेला. शेवटचा, सात नंबरचा, एका मंगळवारी विझला. फोनवर कोरं वर्तुळ उरलं. दोघांना दोन दिवस आंधळ्यासारखं वाटलं. तिसऱ्या दिवशी संग्रामने ते ॲप काढून टाकलं आणि शाळेत लेझीम घ्यायला गेला.

मे महिन्यात कराडला संग्रामच्या पुतणीचं लग्न होतं. मुहूर्त सकाळी अकरा सत्तावीसचा, कार्यालयात पाय ठेवायला जागा नव्हती. हर्षदाने ऑपरेशननंतर पहिल्यांदाच काठापदराची साडी नेसली होती. नवरीच्या बाजूच्या बायकांत ती उभी होती, मुठीत कुंकवाच्या अक्षता. अंतरपाट धरला गेला, मंगलाष्टकं सुरू झाली. मागून कुणीतरी उत्साहाने अक्षता फेकल्या. काही तिच्या केसांत अडकल्या, काही खांद्यावरून घरंगळल्या, आणि एक दाणा ब्लाउजच्या गळ्यातून आत गेला. डावीकडे.

अक्षता टाकायला उचललेला हर्षदाचा हात तसाच राहिला.

समोर पुरुषांच्या रांगेत संग्राम होता. तिचा चेहरा बघून त्याचा रंग उडाला. गर्दीतून वाट काढत, कुणाच्या पायावर पाय देत तो तिच्यापाशी पोचला.

"काय झालं? दुखतंय का?"

तिने डोळ्यांनीच नाही म्हटलं. ताशा वाजत होता, भटजींचा आवाज टिपेला गेला होता, चारी बाजूंनी तांदूळ बरसत होते. ती हललीच नाही. हललं तर तो दाणा सरकेल आणि पुन्हा काही कळणार नाही, अशी तिला धास्ती वाटत होती. पण तो होता. अगदी बारीक, टोकदार, त्याच्या जागी.

"हर्षू, बोल ना!"

"टोचतंय," ती म्हणाली. डोळे भरून आले होते आणि तोंडभर हसू होतं. "संग्राम, तांदूळ टोचतोय रे मला!"